कुठली नस?

अण्णांना 'वगैरे' हा शब्द चालत नसे. म्हणजे अजिबात चालत नसे. बार रूममध्ये कुणी म्हणालं, "गिरमिट, भजी वगैरे मागवू या," की कोपऱ्यातून प्रश्न यायचा, "वगैरेत काय काय? नाव सांग की." मग मागवणारा बिचारा चहा, मिरची, परत चहा असं एकेक कबूल करत जायचा आणि अण्णा प्रत्येक पदार्थाला मान हलवून मंजुरी द्यायचे. धारवाडच्या कोर्टात नवा आलेला वकील दुसरं काही शिको न शिको, एवढं पहिल्या आठवड्यात शिकायचा, की निडगुंदी अण्णांसमोर मोघम बोलायचं नाही.

व्यंकटराव निडगुंदी हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त वकीलपत्रावर. एरवी सगळं कोर्ट त्यांना अण्णा म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला, इंदूबाईंना, अक्का. पुण्याहून आलेल्या माझ्या नणंदेनं एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "अगं, हे दोघं बहीणभाऊ अजून एकत्रच राहतात?" मी हे अण्णांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "तिचं काय चुकलं? समोर आलेला पुरावा तसाच आहे." आतून अक्का खो खो हसल्या, तेव्हा कुठे तेही हसले.

मीही वकील. भांडण हा माझा धंदा आणि आमच्या घरचे म्हणतात की स्वभावही. मी अण्णांची ज्युनिअर कधीच नव्हते. उलट बहुतेक वेळा मी त्यांच्या समोरच्या बाजूला असायची. मालमड्डीत आमची घरं एकाच गल्लीत. सकाळी त्यांच्याकडे चहा प्यायचा आणि अकरा वाजता त्यांच्याच साक्षीदाराला घाम फोडायचा, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं. अक्कांना हे काही पटायचं नाही. "सकाळी माझ्या हातचं खाऊन जातीस आणि तिथं जाऊन त्यांनाच छळतीस होय गं?" म्हणायच्या आणि पुन्हा बशीत थालीपीठ वाढायच्या.

उंच, काटकुळा माणूस. डावा हात कायम पाठीमागे. आवाज इतका खालचा, की न्यायाधीशांनाही पुढे झुकून ऐकावं लागायचं. कायदा इंग्रजीत, थट्टा कन्नडात आणि राग मराठीत, अशी त्यांनी तीन भाषांची वाटणी करून ठेवली होती. अण्णा मराठीत सुरू झाले, की शिपाईसुद्धा दाराबाहेर जाऊन उभा राहायचा.

आणि बोलायचं ते उभ्यानं. घरी टायपिस्टला मजकूर सांगतानासुद्धा हा माणूस पडवीत उभा. मी एकदा म्हटलं, "अण्णा, बसा की जरा." तर म्हणाले, "बसून बोलतो तो दुकानदार. वकिलाचं डोकं पायात असतं, बाई. पाय टेकले, की मुद्दा सुचतो." मी म्हटलं, माझं डोकं डोक्यातच आहे. "म्हणूनच हरतीस," म्हणाले.

त्यांची सगळ्यात गाजलेली उलटतपासणी एका शब्दावरची. मारामारीची केस होती आणि मी तेव्हा नवीन होते, मागच्या बाकावर बसून बघत होते. साक्षीदार छातीठोकपणे सांगत होता, की विळ्याचा घाव बसला आणि माझी "नर कट आग्येद री", नस तुटली हो. आमच्याकडे कन्नडातली 'नर' काय आणि मराठीतली 'नस' काय, दोन्हींना सगळं चालतं. रक्त वाहणारी तीही नस आणि मुंग्या येणारी तीही नस. अण्णांनी एकच प्रश्न लावून धरला. "कुठली नस? रक्ताची का संवेदनेची? रक्ताची, तर सदऱ्यावर डाग कुठे? संवेदनेची, तर आत्ता टाचणी टोचल्यावर ओरडलास कसा?" टाचणी त्यांनी साक्षीदाराच्या हातात देऊन त्याची त्यालाच टोचायला लावली होती. साक्षीदार गडबडला, घाव खोटा ठरला, अशील सुटला. पुढे कितीतरी दिवस कोर्टात कुणी काही खोटं बोललं, की दुसरा म्हणायचा, "कुठली नस?"

आणि ह्याच माणसानं स्वतःच्या देहाच्या बाबतीत हा प्रश्न आठ महिने विचारला नाही. अजून मला त्याचा राग येतो.

सुरुवात पायांच्या जडपणानं झाली. युक्तिवाद लांबला, की अण्णा टेबलाचा कोपरा धरू लागले. थोडं बसलं की बरं वाटायचं, चाललं की पुन्हा जड. तळव्यांची आग व्हायची. मग एक दिवस कोर्टातून बाहेर पडताना त्यांच्या एका पायातली चप्पल मागेच राहिली आणि ते तसेच फाटकापर्यंत चालत गेले. मी चप्पल उचलून धावले. "अण्णा, चप्पल!" त्यांनी खाली अनवाणी पायाकडे बघितलं. दुपारच्या तापलेल्या डांबरावर पाय होता. "कधी गेली गं?" त्यांनी विचारलं. त्यांना कळलंच नव्हतं. "आरोपी फरार," असं म्हणून त्यांनी चप्पल चढवली.

त्यानंतर जो भेटेल तो एकच सांगू लागला. नस दबलीय. कँटीनवाला म्हणाला, अक्कांचे भाऊ म्हणाले, एका न्यायाधीशांनीसुद्धा चेंबरमध्ये बोलावून सांगितलं, "निडगुंदी, नस दबली असेल, माझ्या साडूचीही दबली होती." देशपांडे नगरातल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढला. त्यात चकती थोडी सरकलेली दिसली. झालं. शिक्कामोर्तब! कमरेला पट्टा, तेलाचं मालीश, आणि रोज चालायचं.

आता अण्णांना 'रोज चाला' म्हणणं म्हणजे आगीत तेलच. ते हट्टानं चालायचे. पाय जड झाले, की आणखी जोरानं चालायचे. अक्का मागून "पुरे हो, पुरे" करत धावायच्या. आणि जितके जास्त चालायचे, तितके पाय आणखी लुळे पडायचे. शेवटी पाठीत एक इंजेक्शन झालं. बरं वाटण्यासाठीच दिलं होतं ते, देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्याच संध्याकाळी अण्णांना खुर्चीतून उठताच येईना. लघवी अडकली, नळी घालावी लागली. दोन-तीन दिवसांनी पायांत थोडी ताकद आली, पण थोडीच. भिंत धरून कसंबसं उभं राहता येई.

मी बघायला गेले. अण्णा पलंगावर आडवे. उशाशी तेलाची बाटली, पट्टा, गरम पाण्याची पिशवी. अक्का म्हणाल्या, "दबलेली नस आणखीच दबली म्हणे." माझं डोकंच फिरलं.

"अण्णा," मी जवळजवळ ओरडलेच, "एवढ्या सगळ्या लोकांना तुम्ही एकदा तरी विचारलंत काय, कुठली नस?"

अण्णा छताकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नाही विचारलं." थोड्या वेळानं त्यांनी पलंगाची कड धरली आणि मराठीत सुरू झाले, "उठवा मला. गाडी काढ तुझी. विचारून येऊ."

हुबळीतल्या एका खासगी हॉस्पिटलात गिरिजा डॉक्टर होत्या. मेंदू आणि मणक्याच्या सर्जन, मूळच्या बेळगावच्या, त्यामुळे मराठी-कन्नड दोन्ही पाण्यासारखं. वयानं अण्णांच्या मुलीएवढ्या. त्यांनी अण्णांच्या तळव्यावरून किल्ली ओढून बघितली, पोटापासून खाली टाचणी टोचत आल्या आणि कमरेच्या फोटोकडे ढुंकूनही न बघता म्हणाल्या, "कमरेत नाही हे. अख्ख्या पाठीचा फोटो काढू या."

तो फोटो आल्यावर त्यांनी आम्हाला बसवून सांगायला सुरुवात केली. "काका, नसेचाच त्रास आहे, पण…"

अण्णांनी तळहात वर केला. "थांबा. कुठली नस? रक्ताची का संवेदनेची?"

गिरिजा डॉक्टर थांबल्या. मग हसल्या. "हा प्रश्न मला पेशंटनं पहिल्यांदाच विचारला. शपथ घेऊन सांगू?"

"शपथ नको. नाव सांगा."

"रक्ताची. संवेदनेची दबलेलीच नाही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. पाठीच्या कण्यातून मेंदूची दोरी खाली येते, मज्जारज्जू. ती सुजली होती आणि तिच्या मागच्या बाजूनं काळे, बारीक, वळवळते ठिपके दिसत होते. "या फुगलेल्या शिरा. दोरीवरच्या आवरणात एक बारकी धमनी सरळ शिरेला जाऊन जोडली गेलीय. असं जोडायचं नसतं."

"नसतं, तर जोडली कुणी?"

"कुणीच नाही. या वयात आपोआप होतं कधी कधी. बघा, घरात बोअरचा पंप असतो ना? त्याचा पाइप कुणी थेट मोरीच्या पाइपाला जोडला, तर काय होईल?"

अक्का चटकन म्हणाल्या, "मोरी तुंबंल की."

"तेच झालंय. धमनीचा जोर शिरेत उतरलाय. दोरीतलं रक्त बाहेर जायला वाट नाही. म्हणून ती सुजते. तुम्ही चाललात, उभे राहिलात, की जोर वाढतो आणि पाय जड होतात. ते इंजेक्शन तर असल्या वेळी भलतंच महागात पडतं."

अण्णा ऐकत होते. डावा हात सवयीनं पाठीमागे न्यायला गेले, पण खुर्चीची पाठ मध्ये आली. "म्हणजे मी जितका चाललो," त्यांनी विचारलं, "तितकं मीच वाढवलं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, काका."

"मी विचारलं नव्हतं," अण्णा म्हणाले.

जोड नेमका कुठे आहे ते शोधायला जांघेतून नळी घालून कण्याची एकेक धमनी रंग सोडून बघावी लागते. तपासणी लांबलचक चालली आणि अण्णा टेबलावर हूं की चूं न करता पडून राहिले. फक्त प्रत्येक फोटोनंतर विचारत, "सापडला काय आरोपी?" पाठीच्या मधोमध, डाव्या बाजूला सापडला. कधी कधी तिथूनच आतून गोंद सोडून जोड बंद करता येतो. अण्णांच्या बाबतीत ते जमणार नव्हतं, कारण त्याच धमनीतून दोरीलाही रक्त जात होतं. गोंद चुकून तिकडे गेला, तर होते ते पायही गेले असते. म्हणजे ऑपरेशन. पाठीकडून हाड उघडायचं, आवरण उघडायचं, दुर्बिणीखाली ती एक शीर आत शिरते तिथंच बंद करायची आणि तोडायची.

"मी उभा राहीन काय?" अण्णांनी विचारलं. दुसरं काही विचारलं नाही. जगेन काय, हेसुद्धा नाही.

"आहे ते वाचेल, एवढं मी ठामपणे सांगते. गेलेलं किती परत येईल, ते नाही सांगता येत. पाय बरेच सुधारतात. लघवीचं तेवढं सुधारत नाही. आणि उशीर केलात, तर काहीच नाही."

"उत्तर स्पष्ट आहे," अण्णा म्हणाले. आमच्या बारमध्ये याहून मोठं प्रशस्तिपत्र त्यांनी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

आता इथं माझा संबंध येतो. अण्णांकडे तेव्हा शांतव्वाची केस होती. भावांनी वडिलांच्या घरातून तिला बेदखल केलं होतं आणि ती वाटा मागत होती. साक्षीपुरावे संपले होते, शेवटचे युक्तिवाद तेवढे राहिले होते. आणि भावांची वकील होते मी. शांतव्वाला दुसरा वकील नकोच होता. "अण्णाच बोलतील," म्हणून ती हॉस्पिटलच्या पायरीवर येऊन बसली होती.

ऑपरेशनसाठी अण्णांनी तारीख मागून घेतली. मी हरकत घेतली नाही. भेटायला गेले तेव्हा म्हटलं, "अण्णा, सावकाश बरे व्हा. तुम्ही म्हणाल तितक्या तारखा मी देते." मला वाटलं, केवढा मोठेपणा दाखवला आपण!

अण्णा पडल्या पडल्या असे तापले, की नर्स पळत आली. "शहाणी आहेस! घरात कोण राहतंय आत्ता? तुझे अशील. तारीख लांबली, की फायदा कुणाचा? तुझ्या अशिलांचा. म्हणजे माझ्या पायांच्या नावावर तुझ्या लोकांनी शांतव्वाचं घर खायचं होय? ही एक तारीख घेतली, ती घेतली. पुढच्या तारखेला मी नाही आलो, तर तू उठून म्हणायचं, की समोरचे वकील हजर नाहीत, निकाल द्या."

"मी असं म्हणणार नाही."

"म्हणायचंस! दया करायची असेल, तर देवळात जाऊन कर."

मी रडत बाहेर आले. राग आला होता आणि म्हातारा बरोबर बोलत होता. दोन्ही एकदम खरं असलं, की मला रडू येतं.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि अक्का बाहेरच्या बाकावर होतो. अक्कांनी डब्यात भात आणला होता, तो कुणी खाल्ला नाही. दुपार उलटून गेल्यावर गिरिजा डॉक्टर बाहेर आल्या आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाल्या, "शीर तांबडीलाल होती. जोड बंद केला आणि बघता बघता निळी पडली." शिरेनं निळंच असायचं असतं, हे अक्कांना सांगावं लागलं नाही. त्यांनी त्या मुलीचे दोन्ही हात धरले आणि कन्नड-मराठी मिसळून काय काय बोलल्या, ते मलाही नीट कळलं नाही.

शुद्धीवर आल्यावर अण्णांनी सगळ्यात आधी विचारलं, "निळी पडली म्हणजे कुठली निळी? गडद का फिकट?"

त्यानंतरचे महिने मी गल्लीतून बघितले. अण्णा स्वयंपाकघराचा ओटा धरून उभे राहायचे आणि अक्का समोर स्टुलावर बसून भाजी निवडायच्या. अक्का न्यायाधीश. अण्णा त्यांच्यापुढे शांतव्वाचा अख्खा युक्तिवाद करायचे. पाय थरथरायचे, आवाज नाही. मध्येच अक्का म्हणायच्या, "ते झालं की सकाळी. मुद्द्यावर या." आणि अण्णा खरोखरच म्हणायचे, "होय, युवर ऑनर." पडले की पुन्हा उठायचे. एकदा माझ्या डोळ्यांदेखत पडले, मी धावले, तर जमिनीवरून ओरडले, "विरुद्ध पक्षानं लांब राहावं!" लघवी पूर्ण सुधारली नाहीच. स्वतःची नळी स्वतः घालायला शिकले आणि ते कुणापासून लपवलं नाही. "वेळेवर जावं लागतं बा, कोर्टाची तारीखच ती," म्हणायचे.

तारीख आली आणि अण्णा आले. एका हातात काठी, दुसरा अक्कांच्या खांद्यावर. माझ्या आत सारखं चाललं होतं, पडू नका हो, पडू नका. अण्णांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि टेबलाची कड धरून उभे राहिले. न्यायाधीश भले गृहस्थ होते. म्हणाले, "मिस्टर निडगुंदी, बसून बोललात तरी कोर्टाची हरकत नाही."

आमच्या कोर्टाच्या इंग्रजीत ज्या वकिलाचं बोलणं चालू असतं, तो 'ऑन लेग्ज' असतो. रोज शंभरदा कानावर पडणारा शब्द, त्याचा अर्थ कुणाच्या ध्यानातही नसतो. अण्णा मान लववून म्हणाले, "मेहरबानी, युवर ऑनर. पण आय अ‍ॅम ऑन माय लेग्ज."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि पुढे झुकून ऐकू लागले. अण्णा कन्नडातही गेले नाहीत, मराठीतही नाहीत. सरळ कायदा. कपाळावरून घाम गळत होता, गुडघे काळ्या पँटमधूनही थरथरताना दिसत होते. मागच्या बाकावर शांतव्वा तोंडाला पदर लावून बसली होती.

मग मी उठले. मीही काही कमी केलं नाही, देवाशपथ. होतं नव्हतं ते सगळं ओतलं. दया केली असती, तर त्यांनी मला जन्मभर माफ केलं नसतं.

मी हरले. निकालाच्या दिवशी शांतव्वा कोर्टाच्या आवारात मातीला हात लावून नमस्कार करत सुटली. अण्णा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुझा तिसरा मुद्दा चांगला मांडलास. चुकीचा होता, पण चांगला मांडलास." मी म्हटलं, "अण्णा, मला आज हरल्याचं काहीसुद्धा वाटत नाही." ते म्हणाले, "वाटायला पाहिजे. नाहीतर वकिली सोड." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

अण्णा गेले ते पुढे, झोपेत, हृदयविकारानं. पायांचा त्यात काही हात नव्हता. शेवटच्या दिवसापर्यंत पायांनी साथ दिली.

जाण्याच्या थोडे दिवस आधी मी त्यांना पाहिलं, तेच शेवटचं. ज्युबिली सर्कलजवळ माझी गाडी सिग्नलला थांबली होती आणि शेजारच्या राखीव पट्ट्यात हुबळीला जाणारी चिगरी, ती बंद काचांची एसी बस, आली. गिरिजा डॉक्टरांकडे तपासणीचा दिवस असावा. काचेतून मला अक्का दिसल्या. खिडकीशी बसलेल्या, आणि शेजारच्या जागेवर हात आपटून काहीतरी बजावत होत्या. त्यांच्यासमोर अण्णा, वरची दांडी धरून, मान हलवून नाही नाही म्हणत होते. मी हॉर्न वाजवला, पण काचेमुळे ऐकू गेला नसावा. सिग्नल सुटला, बसला हिसका बसला, अण्णा एकदा हलले आणि पुन्हा सरळ झाले.

बस जवळजवळ रिकामी होती. अण्णा उभे होते.